पूर्वेकडे तोंड केलेल्या तीन मूर्ती : जमैकातल्या एका गुहेचं प्रकरण

११ एप्रिल १७९९ रोजी लंडनच्या ‘सोसायटी ऑफ अँटिक्वरीज’ या पुरातन वस्तूंच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या सभेत आयझॅक आल्व्हेस रेबेलो या सदस्याने तीन लाकडी मूर्ती आणून दाखवल्या. सोसायटीच्या प्रकाशनात त्याची नोंद आहे, ती जेमतेम काही ओळींची. जून १७९२ मध्ये जमैका बेटावर, व्हिअर पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) कार्पेंटर्स माउंटनवर, ‘स्पॉट्स’ नावाच्या डोंगराच्या माथ्याजवळच्या नैसर्गिक गुहेत त्या मिळाल्या. मिळाल्या त्या जमिनीची मोजणी करणाऱ्या एका सर्व्हेअरला. तिन्हींची तोंडं पूर्वेकडे होती आणि त्यांतल्या एकीचं तोंड पक्ष्याचं होतं.

मूर्ती कुणाच्या, कधीच्या, गुहेत कुणी नेऊन ठेवल्या, याचा उल्लेख नाही. लिहिणार तरी कोण? कोलंबस ५ मे १४९४ रोजी जमैकाला पोचला. १५०९ पासून स्पॅनिश लोकांनी तिथे वस्ती केली. युरोपातले रोग, सक्तीची मजुरी आणि उपासमार यांत तायनो समाज, म्हणजे बेटाचे मूळ रहिवासी, दोन-तीन पिढ्यांत उद्ध्वस्त झाला. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, तेव्हा गावोगावी देवघरं राखणारे लोक उरलेले नव्हते. सर्व्हेअर गुहेत शिरला, तो गुलामांच्या घामावर चाललेल्या साखरेच्या आणि कॉफीच्या मळ्यांचा काळ होता. त्या मूर्तींपुढे पूर्वी काय चालायचं हे विचारायला समोर माणूस नव्हता.

आज तिन्ही मूर्ती ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. एकीला ‘बोइनायेल, पाऊस देणारा’ म्हणतात, दुसरीला ‘पक्षीमानव’. तिसरीला असं रुळलेलं नाव नाही. तिन्हींच्या विधींविषयी मात्र आज बरंच ठामपणे बोललं जातं. हा ठामपणा कुठून येतो आणि त्यातला किती भाग प्रत्यक्ष लाकडातून वाचता येतो, हे या लेखात तपासायचं आहे.

आधी वस्तू पाहू. ‘बोइनायेल’ म्हणवली जाणारी मूर्ती साधारण १०४ सेंटीमीटर उंच आहे. उभा पुरुष, ताणलेले ओठ, उघडे दात. दात शंखाशिंपल्यांचे, राळेने चिकटवून बसवलेले. डोळ्यांतून गालांवर उतरणाऱ्या खोल खाचा कोरल्या आहेत. पक्षीमानव साधारण ८७ सेंटीमीटरचा आहे, धड माणसाचं आणि डोकं चोचीचं. तिसरी मूर्ती लहान आहे आणि तिच्या डोक्यावर चकतीसारखं सपाट छत्र आहे. ही चकती लक्षात ठेवा.

लाकूड ग्वायकम जातीचं, म्हणजे आपण ज्याला लिग्नम व्हायटी म्हणून ओळखतो ते. जमैकाचं राष्ट्रीय फूल याच झाडाचं. हे लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं. अंगभूत राळेमुळे त्याला वाळवी सहसा शिवत नाही. बोटीच्या पंख्याच्या दांड्याला लागणारी बेअरिंगं विसाव्या शतकातही त्याची बनत असत, यावरून त्याचा कठीणपणा समजावा. तायनो कारागिरांकडे लोखंड नव्हतं. दगडी कुऱ्हाडी, शंखाच्या धारा, जाळून-खरवडून पोकळ करण्याची युक्ती आणि घासायला वाळू, एवढ्यावर त्यांनी खाचांच्या कडा इतक्या साफ ठेवल्या आहेत. पृष्ठभाग काळा, घोटून चमकवलेला. अशा लाकडात इतकं काम फावल्या वेळात होत नाही. मूर्ती घडवून घेणारा माणूस मोठा असणार, किंवा कारण तरी मोठं असणार.

ग्वायकम अत्यंत सावकाश वाढतं, त्यामुळे त्याचं वय काढण्यात एक मेख आहे. खोडाच्या गाभ्याचा नमुना घेतला तर रेडिओकार्बन चाचणी झाडाच्या बालपणाची तारीख देते आणि मूर्ती प्रत्यक्षाहून जुनी ठरते. म्हणून जोआना ऑस्टॅपकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेगवेगळ्या संग्रहालयांतल्या तायनो लाकूडकामाचे नमुने शक्य तिथे खोडाच्या बाहेरच्या थरातून आणि शिंपले चिकटवणाऱ्या राळेतून घेतले. राळ ताजी असतानाच लावलेली असते, तेव्हा तिची तारीख कारागिराच्या हाताशी जास्त जवळची. पुढे कधी शिंपला पडला आणि दुसरा बसवला, तर तेही राळेवरून कळू शकतं. अशा वस्तू एकदा घडवून ठेवून दिलेल्या नसतात. त्या पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी करत वापरल्या जातात.

आता विधींकडे वळू. इथे जमैका सोडून जवळपास दोनशे किलोमीटर पूर्वेला, हिस्पॅनिओला बेटावर जावं लागतं. आज तिथे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे देश आहेत. कोलंबसच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत रामोन पाने नावाचा एक भिक्षू त्या बेटावर आला. लोकांच्या श्रद्धा समजून घेऊन लिहून काढ, असा कोलंबसचा हुकूम होता. पाने आधी तिथल्याच माकोरीश नावाच्या लोकांत आणि मग ग्वारिओनेक्स या कासिकेच्या, म्हणजे सरदाराच्या, मुलखात राहिला. १४९८ च्या सुमारास त्याने छोटंसं टिपण लिहून दिलं. मूळ हस्तलिखित हरवलं. आपल्यापर्यंत आलं ते कोलंबसच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात उतरवलेलं आणि तेही १५७१ मध्ये व्हेनिसला छापलेल्या इटालियन भाषांतरातून. तायनो शब्द आधी कॅटलन भिक्षूच्या कानात, मग स्पॅनिश कागदावर, मग इटालियन छापखान्यात. शिवाय कागद पुरेसा नव्हता आणि घाईत लिहावं लागलं म्हणून क्रम चुकला, असं पाने स्वतःच सांगून टाकतो. त्याचा हा प्रांजळपणा मला फार आवडतो. गोष्टी जुळवून सुबक करणाऱ्या साक्षीदारापेक्षा असा साक्षीदार बरा.

लाकडी मूर्ती कशा घडत याविषयी पानेने दिलेली हकिकत या विषयातली सर्वांत मोलाची आहे. कुणी माणूस वाटेने चाललेला असतो. त्याला एक झाड मुळापासून हलताना दिसतं. तो घाबरून थांबतो आणि विचारतो, तू कोण? झाड सांगतं, बेहिकेला बोलावून आण, तो तुला सांगेल. बेहिके म्हणजे वैदूही आणि देवाशी बोलणाराही. तो येतो, झाडापाशी बसतो, कोहोबाचा विधी करतो. मग उभा राहून एखाद्या थोर माणसाला बोलावं तसं सगळे मान देत झाडाला विचारतो : तू कोण, इथे काय करतोस, मला का बोलावलंस? तुला तोडू का? माझ्याबरोबर येणार का? तुला कसं नेऊ? तुझ्यासाठी घर बांधीन, शेत नेमून देईन. झाड उत्तरं देतं. आपल्याला कोणत्या रूपात घडवायचं तेही तेच सांगतं. त्याप्रमाणे झाड तोडून मूर्ती करतात, घर बांधून देतात आणि वर्षातून अनेकदा तिच्यासाठी कोहोबा करतात. अशा मूर्तीला ‘सेमी’ म्हणत.

कोकणात देवाला कौल लावताना गुरव ज्या अदबीने आणि ज्या रोखठोक प्रश्नांनी बोलतो, ते ज्याने ऐकलं आहे त्याला या संवादाचा सूर परका वाटणार नाही. देव आहे म्हणून मोघम बोलून चालत नाही. काय हवं, कुठे राहणार, बदल्यात काय मिळणार, हे ठरवून घ्यायचं असतं.

आता कोहोबा. शिरीष-बाभळीच्या कुळातल्या आनादेनान्थेरा पेरेग्रिना या झाडाच्या बियांची भुकटी नाकाने ओढायची. तिच्यात ब्युफोटेनिन असतं, त्याने माणसाची शुद्ध हलते, दृश्यं दिसतात. आधी उपास करायचा आणि घशात पट्टी घालून पोट रिकामं करायचं. या पट्ट्या लाकडाच्या किंवा हाडाच्या, बऱ्याचदा सुंदर कोरलेल्या, आणि त्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने हा विधी स्वतः पाहिला होता. भुकटीचं ताट लाकडाचं होतं, थोडं खोलगट, इतकं गुळगुळीत आणि काळं चकचकीत की सोन्या-चांदीचंही याहून सुरेख होणार नाही, असं तो लिहितो. ओढायची नळी त्याच लाकडाची, एका टोकाला बासरीसारखी पोकळ आणि दुसरीकडे दोन नाकपुड्यांसाठी दुभंगलेली. पहिला मान कासिकेचा. तो ओढेपर्यंत सगळे गप्प. मग तो दुहोवर, म्हणजे कोरीव बुटक्या आसनावर, मान खाली घालून, हात गुडघ्यांवर ठेवून काही वेळ बसे आणि नंतर तोंड आभाळाकडे करून बोलू लागे. युद्ध करायचं की नाही, पीक कसं येईल, आजाऱ्याचं काय होणार, असे निर्णय या बैठकीतून येत. ज्याच्याकडे चांगला सेमी, त्याच्या शब्दाला वजन. म्हणूनच कासिके एकमेकांचे सेमी चोरत असत, असं कोलंबसच्या मुलाने दिलेल्या वृत्तांतात आहे.

याच वृत्तांतात एक तपशील असा आहे की त्याने आपलं प्रकरण एकदम उजळतं. सेमीच्या घरात ताटासारखं गोल, चांगलं घडवलेलं टेबल असतं, त्यावर भुकटी असते आणि ती काही विधी करून सेमीच्या डोक्यावर ठेवतात. मग दुफाटी नळीने ती ओढतात.

सेमीच्या डोक्यावर! आता कार्पेंटर्स माउंटनच्या तिसऱ्या मूर्तीकडे परत पाहा. तिच्या डोक्यावरची सपाट चकती शोभेची नाही, ती भुकटी ठेवायची जागा आहे असं म्हणायला इथे आधार मिळतो. लेखी साक्ष हिस्पॅनिओलाची आहे, मूर्ती जमैकाची आहे, हे अंतर मान्य. पण डोक्यावर चकती असलेल्या अशा मूर्ती हिस्पॅनिओलातूनही आल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधली अशीच एक प्रसिद्ध मूर्ती आहे. दोन्ही बेटांवर तीच रचना आढळते, तेव्हा वापरही तोच असावा हा तर्क बळकट होतो. इथे वस्तू आणि लेखी साक्ष एकमेकांना धरून उभ्या आहेत.

‘बोइनायेल’च्या बाबतीत मात्र तसं होत नाही. पाने सांगतो की सूर्य आणि चंद्र एका गुहेतून निघाले. त्या गुहेत दोन लहान सेमी होते, दगडाचे, अर्ध्या हाताएवढे, हात बांधलेले. त्यांना घाम आल्यासारखं दिसे. पाऊस लांबला की लोक तिथे जात आणि लगेच पाऊस येई. एकाचं नाव बोइनायेल, दुसऱ्याचं मारोहू. विसाव्या शतकात होसे हुआन अर्रोम या क्युबन अभ्यासकाने या नावांची फोड करून बोइनायेलला पावसाच्या ढगांशी आणि मारोहूला निरभ्र आभाळाशी जोडलं. गालांवर अश्रूंच्या धारा असलेल्या मूर्ती बोइनायेलच्या, असं समीकरण पुढे रूढ झालं आणि जमैकातल्या मूर्तीलाही ते नाव चिकटलं.

हे समीकरण मोहक आहे. गुहा इथेही आहे, तिथेही. धारा आहेत, पाऊस आहे. पण तपासायला बसलं की सांधे खिळखिळे होतात. पानेचा बोइनायेल दगडाचा, हा लाकडाचा. तो अर्ध्या हाताएवढा, हा मीटरभर उंच. त्याचे हात बांधलेले. तो जोडीतला एक आहे, आणि इथे जोडीदार शोधायचा तर पक्षीमानवाला मारोहू ठरवावं लागेल, त्याला काहीच पुरावा नाही. शिवाय पाने घामाविषयी बोलतो, अश्रूंविषयी नाही. नाकातून झणझणीत भुकटी ओढल्यावर डोळ्यांतून पाणी वाहणं साहजिक आहे, तेव्हा गालांवरच्या खाचा कोहोबा घेतलेल्या चेहऱ्याच्या असू शकतात. दात विचकलेला ताणलेला जबडाही त्या अवस्थेला शोभतो. मला स्वतःला हा अर्थ जास्त पटतो. तो सिद्ध झालेला नाही, पण पावसाची गोष्टही सिद्ध झालेली नाही, आणि माहितीपट्टीवर मात्र तीच जाते.

याहून मोठी अडचण पानेच्याच हकिकतीत आहे. झाड स्वतः सांगतं की मी कोण आणि मला कसं घडवायचं. म्हणजे प्रत्येक सेमी ही स्वतंत्र असामी होती. तिचा स्वभाव, मालक, घर, खोड्या वेगळ्या. पानेने सांगितलेला ओपियेलग्वोबिरान हा सेमी लाकडाचा, कुत्र्यासारखे चार पाय असलेला. तो रोज रात्री घरातून निघून रानात जाई. लोक त्याला शोधून दोरीने बांधून परत आणत, तो पुन्हा पळे. ख्रिस्ती लोक बेटावर आले तेव्हा तो पळून एका तळ्यात शिरला, मागोमाग लोक गेले, पण पुन्हा दिसला नाही. चार पाय दिसले की ओपियेलग्वोबिरान आणि धारा दिसल्या की बोइनायेल अशी यादी आपण करतो, पण तायनो माणसाच्या लेखी मूर्तीची ओळख तिच्या चेहरेपट्टीत नव्हती. झाडाशी झालेल्या त्या बोलण्यात होती आणि ते बोलणं ऐकणारं कुणी कार्पेंटर्स माउंटनवर उरलं नाही.

मग गुहेचं काय? दोन शक्यता मांडल्या जातात. एक, मूर्ती तिथेच पुजल्या जात. तायनोंच्या गोष्टींत माणसंही गुहेतूनच बाहेर आली, सूर्य-चंद्रही गुहेतून. गुहा ही घरापेक्षा कमी पवित्र जागा नव्हती. दुसरी, स्पॅनिश लोकांच्या भीतीने त्या तिथे लपवल्या. हेही कल्पनेतलं नाही. स्पॅनिश माणसं सेमीच्या घराकडे येऊ लागली की लोक मूर्ती उचलून रानात लपवत, असं त्याच चरित्रात नोंदलेलं आहे.

तोंडं पूर्वेकडे होती, ही नोंद मला निर्णायक नाही तरी महत्त्वाची वाटते. जीव मुठीत धरून पळणारा माणूस मूर्ती कपारीत ढकलतो, दिशा बघत नाही. तिन्ही एका दिशेला मांडायला सवड आणि हेतू लागतो. अर्थात, देव लपवतानाही त्याची अदब राखणारी माणसं असतात. तेव्हा दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात : पूर्वीपासून पवित्र असलेल्या गुहेत, संकटाच्या काळात, गावातले सेमी नेऊन नीट मांडून ठेवले. सर्व्हेअरने गुहेच्या तोंडाची दिशा आणि मूर्तींपासूनचं अंतर टिपलं असतं, तर सकाळचं ऊन त्यांच्यावर पडत होतं का एवढं तरी ठरवता आलं असतं. त्याचा व्यवसायच मोजणीचा होता, हे आठवलं की चुटपुट लागते.

दोनशे वर्षांनी, १९९२ मध्ये, जमैकाच्या सेंट ॲन पॅरिशमधल्या अबुकीर गावाहून आणखी तीन लाकडी वस्तू उजेडात आल्या. त्यांत एक उंच मानवाकृती आणि एक पक्षी आहे. स्थानिक लोकांना त्या बऱ्याच आधी गुहेत मिळाल्या होत्या आणि त्यांनी सांभाळून ठेवल्या होत्या. किंग्स्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ जमैकात त्यांचं प्रदर्शन झालं. पुन्हा गुहा, पुन्हा माणूस आणि पक्षी. दोन घटनांवरून नियम बनत नाही, पण कार्पेंटर्स माउंटनचे तिघे योगायोगाने एकत्र आले, हे म्हणणं त्यानंतर अवघड झालं. ते एक संच म्हणून वाचायला हवेत, असं अबुकीर सुचवतं.

आणि नेमकं हेच होत नाही. २०१९ मध्ये जमैकाच्या संस्कृतिमंत्री ऑलिव्हिया ग्रेंज यांनी या मूर्ती ब्रिटिश म्युझियमकडून परत मिळवण्याचे प्रयत्न चालू असल्याचं संसदेत सांगितलं. त्या प्रदर्शनात मांडलेल्यासुद्धा नाहीत, हा त्यांचा एक मुद्दा होता. बातम्यांत नावं झळकली ती पक्षीमानवाची आणि बोइनायेलची. तिसरीचं नाव नाही. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा विश्वस्तांना संग्रहातली वस्तू देऊन टाकायला जवळजवळ मज्जाव करतो, त्यामुळे अशा मागण्यांचं रूपांतर बहुधा उसनवारीच्या बोलण्यांत होतं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याला आलेली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने आली, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे कायदा वेगळा, १९८३ चा, पण अडसर त्याच जातीचा.

जमैकाने मागणी करावी की नाही याविषयी मला शंका नाही, करावी. आज तिथे स्वतःला तायनो म्हणवणारी माणसंही पुढे येत आहेत, आणि देशाच्या राजचिन्हावर तायनो स्त्री-पुरुष आहेतच. माझी तक्रार मागणीच्या यादीविषयी आहे. जिच्या नावाला आधार सर्वांत कमी ती मूर्ती यादीत येते, आणि जिचा विधीतला वापर लेखी साक्षीशी ताडून दाखवता येतो ती डोक्यावर चकती असलेली मूर्ती यादीत सापडतच नाही. एकाच गुहेतून, एकाच दिशेला तोंड करून ठेवलेल्या तिघांपैकी दोघांनाच परत नेलं, तर १७९२ मध्ये फुटला नव्हता तो संच आता फुटेल. जमैकाने मागायच्या तर तिन्ही मागाव्यात.